ज्याचा कोपरा मोडेल, त्याच्या खुर्च्या

टिल्डन क्रीक गावात आर्डिथ क्रुगरला हरताना कुणी पाहिलं नव्हतं. ती फार हुशार होती असं नाही. वारा कुठून वाहतोय हे पाहून मगच धुणं वाळत घालायचं, एवढी अक्कल मात्र तिच्याकडे होती, आणि राजकारणाला तेवढी पुष्कळ झाली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी आजवर तिनं ज्याचा ज्याचा हात धरला, तो निदान टिल्डन क्रीकपुरता तरला. पुढे देशानं त्याचं काय केलं, हा देशाचा प्रश्न.

अमेरिकेतल्या या आयोवा राज्यात पक्षाचा उमेदवार निवडताना चिठ्ठ्या टाकत नाहीत. ऐन फेब्रुवारीत, नाकातलं पाणी गोठेल अशा थंडीत, शाळेच्या जेवणघरात जमायचं. भिंतींवर उमेदवारांच्या पाट्या लावायच्या आणि ज्याला जो पसंत असेल त्याच्या पाटीखाली अख्ख्या गावादेखत उभं राहायचं. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधरा या हिशेबानंही माणसं नसतील, तो कोपरा मोडतो. मग तिथल्या लोकांनी दुसऱ्या पाटीखाली जायचं, नाहीतर कुणाला तरी गळ घालून आपल्या पाटीखाली ओढायचं. एकदा भरलेल्या कोपऱ्यात मोजला गेलेला माणूस मात्र हलायचा नाही.

थोडक्यात, शेजाऱ्याचं तोंड बघत मत द्यायचं. आणि हे टिल्डन क्रीकचे लोक! दारावर आलेल्या विक्रेत्याला 'नको' म्हणता येत नाही म्हणून एकेका घरात तीन-तीन व्हॅक्युम क्लीनर धूळ खात पडलेले.

या पद्धतीत गावानं स्वतःची एक भर घातली होती. ज्याचा कोपरा मोडेल, त्याच्या म्होरक्यानं शेवटी थांबून सगळ्या खुर्च्या रचायच्या. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कधी मोडला गेला नव्हता. आर्डिथनं आजवर एकही खुर्ची उचलली नव्हती. तिची धाकटी बहीण लव्होन मात्र दर खेपेला 'अजून ठरलं नाही' अशा पाटीखाली उभी राही, तो कोपरा दर खेपेला मोडे, आणि बाकीचे घरी जाऊन गरम पाण्यात पाय सोडून बसले तरी लव्होन आपली खुर्च्या रचत असे.

दोघी बहिणी सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण होतं चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर.

गावात कुणी गेलं की दफनानंतरचं जेवण त्या स्वयंपाकघरातून येई. म्हाताऱ्या हिल्डाबाई ते चालवायच्या आणि आर्डिथ त्यांच्या हाताखाली. वीसेक वर्षं तिनं तिथं हॅम कापला, बटाटे सोलले आणि कोण गेलं तर किती पाव लागतील याचा अंदाज बांधला. हिल्डाबाईंचे गुडघे गेले तेव्हा आर्डिथनं नवा एप्रनसुद्धा शिवून घेतला होता. आणि चर्चच्या कमिटीनं नेमलं लव्होनला! जिनं तोवर त्या तळघरात फक्त ख्रिसमसला कप विसळले होते तिला! कमिटी म्हणाली, लव्होनशी सगळ्यांचं पटतं. आर्डिथनं स्वयंपाकघराची किल्ली पास्टरसाहेबांच्या टपालपेटीत टाकली आणि ती पायऱ्या चढून निघून गेली. महिन्याभरातच त्यांची आई वारली. तिच्या दफनाचं जेवण लव्होनच्या हातचं होतं. आर्डिथनं भरलेलं ताट तसंच परत पाठवलं आणि तेव्हापासून अबोला.

गाव इतकं लहान की न बोलायलासुद्धा मेहनत पडायची. किराणा दुकानात एक समोरून आली की दुसरी डबाबंद घेवड्याच्या फळीकडे वळायची. दोघींच्याही घरी घेवड्याचे डबे छताला टेकले होते.

यंदा आर्डिथ सिनेटर व्हिटकॉम्बची म्होरकी होती. सिनेटर ऑक्टोबरात तिच्या घरी येऊन गेला होता. तिच्या लिंबाच्या वड्या त्यानं मागून घेऊन खाल्ल्या, तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "आर्डिथ, टिल्डन क्रीक तुमच्या हवाली." काल रविवारी त्याचा पुन्हा फोन आला. "काळजीच करू नका," असं आर्डिथनं ठासून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर तिलाच घाम फुटला. कारण सिनेटरला तीस वर्षांचा अनुभव होता खरा, पण वारा यंदा नेमका कुठून वाहत होता ते तिला कळत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी जेवणघरात जेमतेम साठ माणसं जमली. अध्यक्षपदी गावातले गुरांचे डॉक्टर पोलमन. साठ डोक्यांच्या हिशेबानं कोपरा टिकायला नऊ माणसं लागणार होती. आर्डिथनं आपल्या पाटीखाली नजर फिरवली. नवरा व्हर्न धरून अकरा होती. तिचा जीव भांड्यात पडला.

मग एकेका म्होरक्याचं भाषण झालं. गव्हर्नरबाईंची माणसं म्हणाली, राज्य चालवलेली बाई देश चालवेल. कुठल्याशा छोट्या शहराच्या तरुण महापौराची माणसं म्हणाली, नवं रक्त हवं. आर्डिथची पाळी आली तसा तिनं घसा साफ केला.

"मंडळी, आपण दात काढायला जातो तेव्हा नवं रक्त शोधतो का? शोधत नाही. हात बसलेला माणूस शोधतो. सिनेटर तीस वर्षं सिनेटमध्ये आहेत. चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूसच..."

"तीस वर्षं एकाच खुर्चीत!" मागून लाइल ओरडला. याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि जीभ कायम सुटी. "आर्डिथ, त्याला अनुभव म्हणतात की मूळव्याध?"

सगळे हसले. व्हर्नही हसला, मग बायकोकडे पाहून खोकला.

"लाइल, तुझ्या दुकानात मी नवशिक्या पोराला भेटते की तुला?" आर्डिथ म्हणाली.

"मला. पण भाव ऐकून पोराकडेच जातेस ना?"

एवढ्यात कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी एक हात वर झाला. हात लव्होनचा होता. ती डॉक्टरांकडे बघत म्हणाली, "अध्यक्षमहाराज, त्या बाईंना एक विचारा. त्यांचे सिनेटर कधी हरलेत का?"

डॉक्टर पोलमननी आर्डिथकडे पाहिलं. दोघींमध्ये जेमतेम एक टेबल होतं, पण सहा वर्षांची सवय त्यांनाही होती. "आर्डिथ, लव्होन विचारतेय की सिनेटर कधी..."

"त्या बाईंना सांगा, एकदाही नाही!" आर्डिथ छाती पुढे काढून म्हणाली. "सगळ्या निवडणुका जिंकलेत."

"लव्होन, आर्डिथ म्हणतेय..."

"ऐकलं," लव्होन म्हणाली. "मग राहू द्या." आणि तिनं भांड्यात आणखी पाणी ओतलं.

मग उरलेले लोकही आपापल्या पाट्यांखाली जाऊ लागले आणि सगळ्यांचं लक्ष डेल्बर्टकडे गेलं.

डेल्बर्ट नीलन गावाच्या धान्याच्या कोठारावर कामाला असायचा. आता निवृत्त, एकटा, मधमाश्या पाळून राहायचा. तो खिडकीजवळच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी धरून उभा होता. पाटीवर नाव होतं पेंडरग्रास यांचं. हे गृहस्थ तीन निवडणुका लढून तीनही हरले होते आणि आता चौथ्या वेळी थेट राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाले होते. जिल्ह्यात ते आले तेव्हा त्यांची गाडी बर्फात रुतली. ती ढकलायला डेल्बर्टशिवाय कुणी नव्हतं, आणि मग दोघांनी डेल्बर्टच्या स्वयंपाकघरात बसून पावाला मध लावून खाल्ला. डेल्बर्टचं मत तेव्हाच ठरलं.

पंचाईत अशी की, पेंडरग्रास यांनी आज दुपारीच शर्यतीतून माघार घेतली होती. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. पण डेल्बर्टकडे टीव्ही नव्हता, आणि त्याला सांगणार कोण?

तो एकटा, ताठ, चांगला कोट घालून उभा होता. आर्डिथला ते बघवेना. ती तोंडाळ होती, दुष्ट नव्हती. ती व्हर्नला म्हणाली, "जा, त्याला हळूच कानात सांग बिचाऱ्याला. आणि जमलं तर आपल्याकडे घेऊन ये."

व्हर्न गेला. डेल्बर्टनं त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की व्हर्नला काही सांगवेचना. डेल्बर्टनं खिशातून मधाची गोळी काढून त्याला दिली. व्हर्ननं ती तोंडात टाकली. आता गोळी खाल्ल्यावर लगेच कसं निघायचं? तो तिथंच उभा राहिला आणि हवेबद्दल बोलू लागला.

आर्डिथनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं व्हर्नला परत आणायला टपालखात्यातल्या डोरीनला पाठवलं. डोरीन गेली, तिलाही गोळी मिळाली. डोरीनला आणायला तिचा मेहुणा गेला, तोही गोळी चघळत गप्प राहिला. तिकडे गव्हर्नरबाईंच्या आणि महापौराच्या कोपऱ्यांतल्या लोकांनाही दया येत होती. त्यांच्यातलेही एकेक जण 'मी सांगतो त्याला' म्हणून गेले. जो गेला तो गोळी घेऊन तिथंच थांबला, कारण एवढी माणसं उभी असताना आपणच एकट्यानं निघालो तर म्हाताऱ्याला काय वाटेल?

आणि नेमके तेव्हाच डॉक्टर पोलमन मोजायला निघाले. डुकरांना लस टोचताना मोजायची त्यांची सवय, त्यामुळे ते प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत पुढे सरकायचे.

"गव्हर्नर, टिकल्या. महापौर, टिकले. पेंडरग्रास..." डॉक्टर थांबले. त्यांनी पुन्हा एकदा सगळ्यांच्या खांद्यांना हात लावला. "पेंडरग्रास, नऊ. टिकले."

जेवणघरात फक्त नऊ तोंडांतल्या गोळ्या वाजत होत्या.

"आणि सिनेटर व्हिटकॉम्ब, आठ. एक कमी."

"डॉक्टर!" आर्डिथ किंचाळलीच. "ही माझी माणसं आहेत! व्हर्न, इकडे ये आधी!"

"त्याला हलता येणार नाही, आर्डिथ. भरलेल्या कोपऱ्यात मोजला गेलाय."

"अहो पण तो तिथं मत द्यायला नाही, सांगायला गेला होता!"

"काय सांगायला?" डेल्बर्टनं विचारलं.

शेवटी डॉक्टरांनाच अध्यक्ष म्हणून तोंड उघडावं लागलं. "डेल्बर्ट, कसं सांगू... तुझे पेंडरग्रास आहेत ना, त्यांनी आज दुपारी..."

"माघार घेतली," डेल्बर्ट म्हणाला. "ठाऊक आहे की. रेडिओवर ऐकलं मी."

"ठाऊक आहे? मग उभा कशाला राहिलास?"

"उभा राहीन म्हणून त्यांना शब्द दिला होता. ते बसले म्हणून मी कसा बसू?" डेल्बर्टनं आपल्या आठ सोबत्यांकडे ओशाळून पाहिलं. "यांना सांगणारच होतो मी. पण हे इतक्या हौसेनं एकेक करून येत होते, म्हटलं यांचा हिरमोड कशाला करा?"

लाइल हसून हसून टेबलावर आडवा झाला. व्हर्ननं आर्डिथकडे बघायचं टाळलं आणि दुसरी गोळी मागून घेतली.

आर्डिथचा मात्र तिळपापड झाला. आपणच हौसेनं माणसं पाठवली आणि आपलाच कोपरा ओस पाडला, हात दाखवून अवलक्षण! पण रडत बसायला सवड नव्हती. कोपरे जुळवायला पंधरा मिनिटं मिळणार होती आणि तिला एकच माणूस हवा होता. ती 'अजून ठरलं नाही' या पाटीकडे धावली. तिथं सातजण होते.

पण बाकीचे म्होरके काय झोपले होते? गव्हर्नरबाईंच्या माणसांनी दोन नवराबायकोंची जोडपी आधीच हाताला धरून नेली होती. महापौराच्या पोरांनी शाळेच्या वाद्यवृंदाच्या मास्तरांना तुतारीसाठी पैसे मिळवून देण्याचं गाजर दाखवलं. उरलेल्या बेकरीवाल्याला आर्डिथनं गाठलं तर तो म्हणाला, "आर्डिथ, तुझे सिनेटर चांगलेच आहेत गं. पण मी पहाटे तीनला उठतो. त्यांचं भाषण लागलं की मला जागंच राहवत नाही." आणि तोही गेला.

उरली लव्होन. ती कॉफीच्या भांड्यापाशी कप पुसत होती.

सिनेटरच्या पाटीखालून आठ, नव्हे, आता आर्डिथ सोडून सात माणसं हातवारे करत होती. जा, जा! लाइलनं खुर्ची फिरवून नाटक बघायला बसल्यासारखी तंगडी पसरली. सगळं जेवणघर बघत होतं आणि बघत नसल्यासारखं दाखवत होतं. टिल्डन क्रीकला ते छान जमतं.

आर्डिथ टेबलाला वळसा घालून गेली. इथं घेवड्याची फळीही नव्हती.

"लव्होन."

"कॉफी हवी?"

"मत हवंय."

"ते नाही. कॉफी आहे."

"लव्होन, थट्टा नको. एक माणूस कमी पडतोय. मी त्यांना शब्द दिलाय. आणि तूच सांग, यांच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला आहे? परराष्ट्र म्हण, अर्थखातं म्हण, सैन्य म्हण..."

"असेल ना. मी कुठं नाही म्हणते?" लव्होननं कप उलटा ठेवला. "सगळ्यांनाच कसला ना कसला असतो, आर्डी."

सहा वर्षांत 'आर्डी' म्हणून कुणी हाक मारली नव्हती. त्या नावानं हाक मारणारी आता एकच व्यक्ती उरली होती, आणि तिच्याशी अबोला होता.

"मग तुला हवाय तरी कसला?" आर्डिथचा आवाज जरा उतरला.

"मी दर वेळी एकच बघते. हा माणूस हरल्यावर कसा वागला? जिंकल्यावर काय, सगळेच गोड असतात. देशाच्या किल्ल्या ज्याच्या हातात द्यायच्या, त्यानं निदान एकदा तरी किल्ल्या दुसऱ्याच्या हातात ठेवलेल्या असाव्यात. दिवा या बाजूला आहे, तो नळ गळतो, तेवढं सांभाळ, असं सांगून निघालेला असावा. माझी बाकी काही अट नाही. डेल्बर्टचे पेंडरग्रास हरलेत, पण त्यांच्या हातात किल्ल्या कधी आल्याच नाहीत. असा कुणी पाटीवर येतच नाही, म्हणून माझं काही ठरत नाही."

आर्डिथनं खाली पाहिलं. टपालपेटीत पडलेल्या किल्लीचा आवाज तिला आता इतक्या वर्षांनी ऐकू आला.

"आईच्या जेवणाला मी पाव गरम करायला ओव्हनमध्ये ठेवले," लव्होन म्हणाली. आवाज हलका होता, पण कप पुसणारा हात थांबला होता. "त्या ओव्हनची डावी बाजू करपवते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्धे पाव खालून कोळसा झाले. आईचं जेवण, आर्डी. मी सुरीनं खरवडत होते आणि वर लोक प्रार्थना म्हणत होते. मग तुझं ताट परत आलं."

लव्होननं फडकं खाली ठेवलं.

"मला एवढंच सांग. ओव्हनचं तुला ठाऊक होतं की नव्हतं? खरं काय ते सांग, मी येते तुझ्या कोपऱ्यात. हो असो, नाही असो. मला फक्त खरं ऐकायचंय."

"दोन मिनिटं!" डॉक्टर पोलमननी पुकारा केला.

इतकं सोपं होतं! ठाऊक होतं. अगदी चांगलं ठाऊक होतं. वीस वर्षं तिनंच त्या ओव्हनपुढे उभं राहून डावीकडचे पाव उजवीकडे केले होते. निघताना सांगावंसं वाटलंही होतं, पण म्हटलं, कमिटीची लाडकी आहे ना, कळेल तिचं तिला. आई इतक्या लवकर जाईल हे मात्र कुणाला ठाऊक होतं? हे सगळं सहा वर्षं तिच्या पोटात दगडासारखं होतं. आता फक्त तोंड उघडायचं, दगडही उतरेल आणि सिनेटरही तरेल. एका घासात दोन्ही.

सात माणसं आता माना डोलावत होती. कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं, पण बहिणी बोलताहेत एवढं दिसत होतं.

आर्डिथनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"आत्ता नाही सांगत," ती म्हणाली.

"का?"

"आत्ता सांगितलं तर तो सौदा होईल. मी मतासाठी बोलले असं तुला आयुष्यभर वाटेल. मलाही वाटेल."

लव्होन तिच्याकडे बघतच राहिली. बहिणीचा हा चेहरा तिनं पूर्वी पाहिला नव्हता, निदान मोठेपणी तरी नाही.

"आर्डिथ! अगं आण तिला!" पाटीखालून कुणीतरी न राहवून ओरडलं. आर्डिथनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. दोघी बहिणी कॉफीच्या भांड्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि डॉक्टर पोलमननी डाव पातेल्यावर आपटला.

"वेळ संपली! सिनेटर व्हिटकॉम्ब, कोपरा मोडला!"

लाइलनं टाळी वाजवायला हात उचलले होते, पण आर्डिथकडे पाहून ते तसेच खिशात घातले. म्हणजे त्यालाही कुठं थांबायचं ते कळत होतं तर.

थोड्याच वेळात लोक टोप्या घालून, एकमेकांच्या गाड्या सुरू होतात की नाही याची चौकशी करून निघाले. जाताना जिल्ह्याच्या पुढच्या सभेसाठी माघार घेतलेल्या माणसाचा प्रतिनिधी म्हणून डेल्बर्टची रीतसर निवड झाली. त्यानं सगळ्यांचे आभार मानले आणि उरलेल्या गोळ्या वाटून टाकल्या. सिनेटरच्या कचेरीतून आर्डिथला फोन आला. कुणी तरुण मुलगी होती, मागे गलका चालला होता.

"कसं झालं, मिसेस क्रुगर?"

"हरलो. एका माणसानं."

"अरेरे! काय चुकलं?"

"माझंच चुकलं," आर्डिथ म्हणाली. "सिनेटरना सांगा. आणि हेही सांगा, की तसं काही फार दुखत नाही." हे खोटं होतं, चांगलंच दुखत होतं. पण माणसानं पहिल्याच खेपेला किती खरं बोलावं?

व्हर्न दारात टोपी हातात घेऊन उभा होता. "मी गाडी तापवून ठेवतो," असं म्हणून तो लगबगीनं सटकला. लग्नाला चाळीस वर्षं झाली की कधी दिसेनासं व्हायचं हे नवऱ्यांना समजतं.

जेवणघरात दोघीच उरल्या. दोघींचेही कोपरे मोडले होते. लव्होन एका टोकानं खुर्च्या मिटू लागली, आर्डिथ दुसऱ्या टोकानं. लव्होनच्या बाजूनं एकसारखा टक, टक आवाज येत होता. आर्डिथच्या बाजूनं धडाधड. तिची तिसरी खुर्ची पायावर पडली, तेव्हा ती तिथंच थांबली.

"ठाऊक होतं," ती म्हणाली.

टक टक थांबलं.

"ओव्हनचं. मला ठाऊक होतं, आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. तुझी फजिती व्हावी असं वाटत होतं मला. आईचं जेवण असेल हे नव्हतं ठाऊक, पण बाकी सगळं ठाऊक होतं. कमिटीनं तुला निवडलं ते बरोबर केलं, लव्होन. मला निवडलं असतं तर जेवण वेळेवर झालं असतं, पण रडणाऱ्या माणसाजवळ जाऊन कुणी बसलं नसतं. तुझं ताट परत करायला नको होतं मी. वास इतका छान येत होता. घरी जाऊन मी घेवड्याचा डबा उघडून खाल्ला."

लव्होननं खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि ती रडली. फार नाही, बाहीनं पुसता येईल इतकंच. आर्डिथला वाटलं, जवळ जावं. पण कसं जायचं ते तिला येत नव्हतं, म्हणून ती खुर्ची छातीशी धरून उभी राहिली.

"ते मला ठाऊक होतं गं," लव्होन शेवटी म्हणाली. "वीस वर्षं त्या ओव्हनपुढे उभी राहिलेली बाई, तुला कसं ठाऊक नसेल? तू कधी सांगतेस याची वाट बघत होते." मग तिनं नाक ओढलं आणि बहिणीकडे नीट पाहिलं. "आणि खुर्ची उलटी धरलीयस. आधी बैठक वर घे. वर. हां. आता आधीच्या खुर्चीच्या पाठीत घुसव."

आर्डिथनं घुसवली. टक असा आवाज आला. तिला उगीचच बरं वाटलं.

मग रांगेमागून रांग उचलत दोघी जेवणघराच्या मध्यावर येऊन भेटल्या. शेवटची खुर्ची दोघींनी मिळून ठेवली. लव्होननं दिव्याच्या बटणाकडे हात नेला आणि थांबली.

"गुरुवारी हिल्डाबाईंचं दफन आहे. सकाळी ये."

"काय आणू?"

"काही नको," लव्होन म्हणाली. "ओव्हन अजून तोच आहे. डाव्या बाजूला उभं राहायला कुणीतरी हवंय."